खोऱ्यातल्या धाववाटा: गुंजण मावळ आणि कानंद खोरं पळताना

डोंगरातल्या वाटांवर पळणं, म्हणजे ज्याला आता सगळेच ट्रेल रनिंग म्हणतात, तो विषय निघाला की बूट, घड्याळ आणि स्पर्धा यांच्यावरच गप्पा सुरू होतात. आज आम्ही या तिन्हींवर थोडंच बोलणार आहोत. आज वाटेवर बोलायचंय. पळण्याजोगी वाट डोंगरात कशी सापडते, ती तिथेच का असते, कोणत्या महिन्यात ती चालते आणि कोणत्या महिन्यात जिवावर बेतते, आणि मुळात ती वाट कुणाची असते.

उदाहरण म्हणून एकच मुलूख घेऊ. पुण्याच्या नैर्ऋत्येला सिंहगडाची डोंगररांग ओलांडली की पलीकडे खोऱ्यांचा एक गुंता लागतो. तोरण्याच्या उत्तरेला कानंद नदीचं खोरं, दक्षिणेला वेळवंडीचं. राजगडाच्या पायथ्याशी गुंजवणीचं खोरं, म्हणजे जुना गुंजण मावळ. ही सगळी पाणी शेवटी नीरेला मिळतात. बारा मावळ आपण म्हणतो त्यांपैकीच हे. मावळ म्हणजे डोंगरात शिरलेलं एकेका नदीचं खोरं. तालुका वेल्हे, आता त्याला राजगड तालुका म्हणतात. सिंहगड, राजगड आणि तोरणा यांना जोडणारी लांब पल्ल्याची स्पर्धाही आता इथे होते. त्यामुळे कधी गुराखी आणि गडप्रेमी यांच्याशिवाय कुणी न फिरकणाऱ्या वाटांवर सुट्टीच्या दिवशी पहाटे साडेचारला हेडटॉर्च चमकताना दिसतात.

खडकाचा जिना

वाट समजायची तर आधी खडक समजायला हवा. सह्याद्रीचा हा भाग लाव्हारसाच्या थरांवर थर बसून तयार झाला, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. याला डेक्कन ट्रॅप म्हणतात. यातला ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे. मूळ स्वीडिश शब्दाचा अर्थ जिना. लांबून तोरण्याकडे पाहिलंत तर हा जिना स्पष्ट दिसतो. काळ्या कड्याची एक पट्टी, खाली गवताचा उतार, मग थोडी सपाटी, पुन्हा कडा.

असं का होतं? सगळे थर सारखे टणक नसतात. काही थर घट्ट, एकसंध. ते झिजत नाहीत, उभे तुटतात, त्यांचे कडे होतात. काही थरांत वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, पुढे त्यांत गारगोट्या भरल्या. हे थर लवकर कुजतात आणि त्यांचा मुरूम होतो. कडा खालून असा पोखरला जातो, मागे सरकतो, आणि पुढे सपाट पायरी उरते. राजगडाच्या पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तिन्ही माच्या अशा नैसर्गिक पायऱ्यांचा उपयोग करूनच बांधल्या आहेत. तटाचं निम्मं काम खडकानंच करून ठेवलेलं.

पळणाऱ्याला या जिन्यातून तीन गोष्टी मिळतात. पहिली, पायरीवरची आडवी वाट. कड्याच्या पायथ्यानं, फारसा चढ-उतार न घेता, डोंगराला वळसा घालत जाते. पळायला सगळ्यात चांगली हीच. दुसरी, घसारा. कुजलेल्या थराचा उतार, वर मुरमाची खडी, जणू कुणी बॉल-बेअरिंग पसरून ठेवलेत. तिसरी, कड्यातून वर जायची फट. तिला नाळ म्हणा, घळ म्हणा, किंवा माणसांनी खोदलेल्या पायऱ्या. कड्याला अशा जागा मोजक्या असतात. म्हणून डोंगरात 'कुठूनही चढून जाऊ' हा विचार घात करतो. खालून दिसणारा दोनशे मीटरचा सोपा गवताळ उतार वर जाऊन वीस मीटरच्या उभ्या भिंतीला टेकतो, आणि चढलेला घसारा उतरायला चढण्यापेक्षा अवघड असतो. माणसं अडकतात ती बहुतेक अशीच.

पाण्याचंही गणित याच जिन्यात आहे. पावसाचं पाणी भेगाळ आणि सच्छिद्र थरातून खाली झिरपतं, घट्ट थर लागला की आडवं होतं आणि डोंगराच्या कुशीत बाहेर पडतं. म्हणून झरे एका उंचीवर ओळीनं सापडतात, बऱ्याचदा पायरीच्या आतल्या अंगाला. धनगरवाडे नेमके त्याच पायऱ्यांवर का, याचं उत्तर यातच आहे. वाडा दिसला की जवळ पाणी आहे किंवा होतं, आणि वाड्यापासून गावापर्यंत रोजच्या वापराची वाट आहे, एवढं धरून चालायला हरकत नाही.

माणसाची वाट, ढोराची वाट

आता वाटांचे प्रकार. खोऱ्यात शिरलात की जमिनीवर रेघाच रेघा दिसतात. सगळ्या वाटा नसतात.

माणसाच्या वाटेला मुक्काम असतो. ती गावातून निघते आणि खिंडीला, वाडीला, देवळाला किंवा शेताला जाते. चढ कमी पडावा म्हणून वळणं घेते. ओढा ओलांडायला दगड टाकलेले असतात. कातळाच्या टप्प्यावर पावलांनी दगड गुळगुळीत झालेला असतो, कुठे कुठे खोदलेल्या खोबणी असतात. चांगली वाट तुम्हाला विचार करायला लावत नाही.

ढोरवाट वेगळी. ती चारा शोधत जाते. उतारावर एकाखाली एक अशा पाच-सहा समांतर रेघा दिसल्या तर त्या ढोरवाटा. सुरुवातीला रुंद, मोहक, अगदी पळाव्याशा वाटणाऱ्या. आणि मग हळूहळू फाटे फुटत गवतात विरून जातात. गुरांना कुठे पोचायचं नसतंच. ढोरवाटेचं दुसरं लक्षण म्हणजे झुडपांची उंची. गुरांच्या पाठीएवढा बोगदा मोकळा असतो आणि त्याच्या वर फांद्या तोंडावर येतात. कारवीच्या रानात हे फार जाणवतं.

तिसरी, जाळरेषा. वणवा पसरू नये म्हणून वनखातं उतारावर गवत जाळून पट्टे काढतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये हे पट्टे लांबून पक्क्या वाटेसारखे दिसतात आणि थेट कड्यापर्यंत घेऊन जातात. चौथी, पाणवाट. पावसाच्या पाण्यानं कापलेली घळ. चढताना सोपी, उतरताना मध्येच दहा-पंधरा फुटांची उडी समोर येते.

आमचा साधा नियम असा: पाच मिनिटं पळूनही वाटेवर माणसाची खूण दिसली नाही, म्हणजे बुटाचा ठसा, रचलेला दगड, तोडलेली फांदी, गोळीचा कागद, यांपैकी काहीच नाही, तर थांबायचं आणि शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत मागे जायचं. मागे जाणं जिवावर येतं, हे खरं. पण पुढे काहीतरी निघेल या आशेवर उतरत राहणं हाच डोंगरातल्या चुकामुकीचा ठरलेला क्रम आहे.

तीन वाटा, तीन स्वभाव

या मुलखातल्या तीन वाटा घेऊ. एकीपेक्षा दुसरी चांगली असं नाही, तिघींचे स्वभाव वेगळे आहेत.

पहिली, कात्रज ते सिंहगड. ही या खोऱ्याच्या उंबरठ्यावरची रांग. जुन्या कात्रज बोगद्यापासून सुरू होते, तेरा टेकड्या लागतात असं म्हणतात, अंतर साधारण पंधरा किलोमीटर. वाट धारेवरून जाते, त्यामुळे चुकायला जागा कमी. पण प्रत्येक टेकडी पूर्ण चढायची आणि पूर्ण उतरायची. सावली जवळपास नाही, पाणी नाही. शहराचे दिवे सतत दिसत राहतात, त्यामुळे नवख्यांना वाटतं आपण घराजवळच आहोत. पाय मुरगळला की कळतं, मधून गाडीरस्त्याला लागायला किती वेळ जातो. सराव म्हणून ही वाट उत्तम, कारण घसाऱ्यावर उतरायचं शिक्षण ती वारंवार देते.

दुसरी, सिंहगडाच्या कल्याण दरवाज्यातून बाहेर पडून धारेनं विंझरकडे आणि तिथून साखरमार्गे गुंजवण्याला. ही खरी खोऱ्याची वाट. वरून धार, मग उतार, मग सपाटीवर भातखाचरं, ओढे, वाड्या, डांबरी रस्त्याचे तुकडे. नकाशावर सगळ्यात सोपी दिसते आणि ठरवायला सगळ्यात अवघड जाते. डोंगरावर वाट एकच असते. सपाटीवर दहा असतात आणि प्रत्येक कुणाच्या तरी शेतातून जाते. त्याकडे पुढे येऊ.

तिसरी, राजगड ते तोरणा. गुंजवण्यातून चोर दरवाज्यानं पद्मावती माची, संजीवनी माचीवरून आळू दरवाज्यानं बाहेर, मग दोन्ही गडांना जोडणारी डोंगरधार, आणि शेवटी तोरण्याची बुधला माची. पुढे बिनी दरवाज्यातून वेल्ह्यात उतरायचं. तोरणा १४०३ मीटर, पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला. गुंजवण्यातून राजगड चढताना साधारण सहाशे मीटर चढ, वेल्ह्यात उतरताना साधारण सातशे मीटर उतार, आणि मधल्या धारेवर वर-खाली सुरूच.

या वाटेची एक गोष्ट नीट लक्षात घ्या. मधल्या खिंडीतून वेल्ह्याकडून भुतोंड्याकडे जाणारा गाडीरस्ता आडवा जातो. सुटकेची सोयीची जागा ही एवढीच. राजगडावर टाक्यांत आणि तळ्यांत पाणी असतं, तोरण्यावर मेंगाई देवीच्या देवळाजवळ टाकी आहेत. मध्ये हिवाळा सरला की पाण्याचा भरवसा नाही. आणि बुधला माचीखालचा उभा, अंगावर येणारा टप्पा तुम्ही सगळ्यात थकलेले असताना समोर येतो. म्हणून निर्णय खिंडीतच घ्यायचा. हातात किती पाणी, घड्याळात किती वाजले, सोबतचा माणूस नीट बोलतोय का. यातलं एक उत्तर जरी वाईट असेल तर रस्त्यानं वेल्ह्याला उतरायचं. तोरणा पुढच्या आठवड्यातही तिथेच असतो.

चढात काय होतं, उतारात काय होतं

रस्त्यावर पळणारी माणसं किलोमीटरमध्ये विचार करतात. डोंगरात तो हिशेब चालत नाही. १८९२ साली विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं चालणाऱ्यांसाठी एक साधा ठोकताळा दिला: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाला वर एक तास. समजा एकूण वाट २४ किलोमीटर आणि एकूण चढ १५०० मीटर आहे. अंतराचे चार तास अठ्ठेचाळीस मिनिटं, चढाचे अडीच तास; झाले सात तास अठरा मिनिटं. यात विश्रांती नाही, ऊन नाही, घसाऱ्यावर लागणारा वेळ नाही. सरावलेला धावक यापेक्षा लवकर पोचेल, पण पाणी आणि खाणं मात्र या हिशेबानंच घ्यावं. कारण लंगडत यायची वेळ आली तर तुम्हीही चालणारेच असता.

आता चढावर पळायचं की चालायचं? यावर अल्बर्टो मिनेटी आणि सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेली मोजमापं आहेत. सपाटीवर पळताना शरीराच्या दर किलो वजनामागे, दर मीटरला साधारण ३.४ ज्यूल ऊर्जा लागते. ४५ टक्के चढावर ती जवळपास १९ ज्यूल होते, म्हणजे साडेपाच पट. तेवढ्याच चढावर चालायला सुमारे १७ ज्यूल लागतात. सरळ अर्थ असा की तीव्र चढावर चालणं स्वस्त पडतं. गुडघ्यावर हात टेकून चोर दरवाज्याची वाट चालत चढणारा धावक हरलेला नसतो, तो हिशेबी असतो.

उताराची गंमत वेगळी. २० टक्के उतारावर पळायला सगळ्यात कमी ऊर्जा लागते, सपाटीच्या निम्मी. त्याहून तीव्र उतार आला की खर्च पुन्हा वाढतो, कारण तिथून पुढे शरीर स्वतःला अडवण्यात ताकद घालवतं. आणि ऊर्जा कमी लागली म्हणजे इजा कमी होते असं नाही. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच आवळला जातो. त्यात स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि खरं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं. दमछाक चढावर होते, पण पाय निकामी होतात ते उतारावर. चांगली बातमी अशी की स्नायू शिकतात. थोडा थोडा उतार आधी दोन-तीन आठवडे केला तर पुढच्या वेळी इजा बरीच कमी होते. जिने उतरले तरी चालतं. फक्त चढायचे आणि लिफ्टनं खाली यायचं, हे आमच्या ओळखीचे बरेच जण करतात, ते उपयोगाचं नाही.

कोणत्या महिन्यात कोणती वाट

खोऱ्याचं स्वतःचं पंचांग असतं.

जून ते सप्टेंबर पाऊस. ओढे तासाभरात चढतात. वरच्या अंगाला पडलेला पाऊस खाली ऊन असताना येऊन पोचतो. नियम एकच: गढूळ आणि गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडायचं नाही, थांबायचं. हे ओढे जसे चढतात तसे बरेचदा काही तासांत उतरतातही. कातळावर शेवाळ असतं, धुक्यात दहा फुटांवरचं दिसत नाही, आणि कड्याखालच्या वाटेवर दगड सुटतात. या दिवसांत धारेवर आणि कड्याखाली न जाता रुंद गाडीवाटांवर पळावं.

ऑक्टोबरात रान पाहण्यासारखं असतं, पण वाटा गवतात बुडालेल्या असतात. भात उभं असतं, नंतर कापणी सुरू होते. घोणस, फुरसं, नाग आणि मण्यार यांच्यावर पाय पडायची भीती गवतात अर्थातच जास्त. गुडघ्यापर्यंत मोजे घालावेत, काठी असावी, आणि पाय कुठे पडतोय ते दिसत नसेल तर पळू नये.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. पहाट थंड, वाट कोरडी. पण गवत वाळून पिवळं झालं की तेही घसरतं. मुरमावर पसरलेलं वाळकं गवत म्हणजे तेल सांडल्यासारखं.

मार्चपासून पुढे ऊन. काळा कातळ सकाळी दहापासून तापायला लागतो आणि वरून व खालून दोन्हीकडून भाजून काढतो. गडावर माणसं दगावतात ती सगळी कड्यावरून पडूनच असं नाही. उन्हानं, पाणी संपून, किंवा वेळेत कुणी न पोचल्यामुळेही दगावतात. चक्कर, घाम येणं थांबणं, बोलण्यात गडबड, ही उष्माघाताची लक्षणं. अशा माणसाला सावलीत घ्या, कपडे सैल करा, असेल ते सगळं पाणी अंगावर ओता, वारा घाला आणि लगेच मदत मागवा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. उलटी बाजूही सांगून ठेवतो. नुसतं साधं पाणी लिटरवर लिटर प्यायलं आणि मीठ पोटात गेलंच नाही, तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि तेही जिवावर बेतू शकतं. सुट्टीच्या दिवशी राजगडावर मावशी ताक आणि लिंबू सरबत विकायला बसतात. आमच्या मते त्यापेक्षा चांगलं पेय कुठल्या पाकिटात येत नाही.

आणि आग्या मोहोळ. कड्यांना पोळी लागलेली असतात. धूर, अत्तर, आरडाओरडा, ड्रोन, यांतल्या कशानंही माश्या उठू शकतात. उठल्या तर तोंड झाकून, हात न हलवता, शक्य तेवढ्या दूर पळायचं. इथे पळायचा सराव कामी येतो.

वाट कुणाची?

आता त्या मघाच्या सपाटीकडे येऊ. आमच्या दृष्टीनं आजच्या बोलण्याचा गाभा हा आहे.

या खोऱ्यातली जमीन तीन प्रकारची: वनखात्याची, गायरान म्हणजे गावाच्या चराईची, आणि मालकीची. पण वाटा या सीमांच्या आधीपासून आहेत. शाळेला जाणारी मुलं, बाजारला जाणारी माणसं, जत्रेची पालखी, गुरं. पेशवाईत पत्रं घेऊन जासूदांच्या जोड्या पायी धावायच्या, त्याही अशाच मुलखातून. महसुली गावनकाशा उघडून पाहिलात तर यातल्या काही वाटा आजही दिसतात: गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेनं, पायमार्ग तुटक एकेरी रेषेनं. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. बाकी कितीतरी वाटा नकाशात नाहीतच, त्या फक्त वहिवाटीच्या आहेत. म्हणजे लोक वापरतात म्हणून त्या आहेत.

गेल्या काही वर्षांत इथल्या जमिनी विकल्या जाताहेत. फार्महाऊस येतात, तारेचं कुंपण येतं, फाटक येतं. एके दिवशी सकाळी वाडीतली बाई पाण्याला निघते आणि वाटेवर कुलूप असतं. शेतकऱ्याला यावर कायद्यात मार्ग आहे. मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली शेताकडे जाणारा वहिवाटीचा रस्ता अडवला तर तहसीलदाराकडे दाद मागता येते. पण अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत. मुदत गेली की दिवाणी न्यायालय, वकील आणि वर्षं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ मध्ये बांधावरून रस्ता मागायची तरतूद आहे, तीही जमीन कसणाऱ्यासाठी.

यात धावक कुठे बसतो? कुठेच नाही. शहरातून आलेल्या माणसाला या वाटांवर कसलाही हक्क नाही. आपण पळतो ते गावकऱ्यांच्या वहिवाटीवर. ती वहिवाट टिकली तर आपली वाट टिकेल, ती मोडली तर आपलीही गेली. म्हणून धाववाट ठरवताना आमचा पहिला प्रश्न असतो की या वाटेनं आज गावातलं कोण जातं. कुणीच जात नसेल तर ती वाट कितीही देखणी असली तरी मरायला टेकलेली आहे, आणि तिला जिवंत ठेवायचं तर गावाशी बोलूनच.

आणि आपणही वाट मोडू शकतो. कशी, ते सांगतो. भातखाचराचा बांध मातीचा असतो, ऑक्टोबरात आतून ओला. रोज चार माणसं त्यावरून जातात, तो टिकतो. पण एका सकाळी दोनशे धावक गेले की कड ढासळते, पाणी खालच्या खाचरात उतरतं आणि एका कुटुंबाचं पीक ऐन दाणा भरायच्या वेळी कोरडं पडतं. डोंगरातही तेच. नागमोडी वाटेचं वळण कापून सरळ खाली उडी मारली की पावलांची एक रेघ पडते. पहिल्या पावसात पाणी तीच रेघ धरतं, दुसऱ्या पावसाळ्यात ती घळ होते, आणि तिसऱ्या वर्षी मूळ वाटच वाहून जाते. शंभर वर्षं टिकलेली वाट तीन वर्षांत जाऊ शकते.

म्हणून काही पथ्यं. वळण कापायचं नाही. चिखल असेल तर बाजूनं नवी वाट न पाडता मधूनच जायचं. बांधावर पळायचं नाही, एका ओळीत चालायचं. गुरं दिसली की थांबायचं, गुराख्याला आधी जाऊ द्यायचं. दगडावर रंगाचे बाण नकोत. कापडी फिती लावा आणि त्याच दिवशी काढा. स्पर्धा असेल तर पिकाची वेळ गावाला विचारून तारीख ठरवा, तारीख ठरवून मग गावाला कळवू नका. पाणवठ्यावर साबण नको. जुलै २०२५ मध्ये राजगडासह बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले. गर्दी वाढणार, हे उघड आहे. या वाटांचं काय होणार ते पुढच्या थोड्या वर्षांत ठरेल, आणि ते ठरवण्यात आपल्या पायांचाही हात असेल.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*घड्याळात ट्रॅक घेतला असेल तर वाट चुकायची भीती कशाला?*

ट्रॅक जरूर घ्या. पण कड्याला लागून असताना संदेश खडकावरून परावर्तित होतो आणि जागा बरीच मीटर इकडे-तिकडे दाखवली जाऊ शकते. धारेवर तेवढा फरक म्हणजे हवेतला पाय. दुसरं, तो ट्रॅक कुणी कोणत्या महिन्यात केला हे बघा. जानेवारीतली मोकळी वाट सप्टेंबरात कारवीत बुडालेली असते. ट्रॅक दिशा सांगतो. पाय ठेवायची जागा डोळ्यांनीच ठरवायची.

*एकट्यानं पळावं का?*

ओळखीच्या वाटेवर, दिवसा, घरी आणि पायथ्याच्या गावात सांगून. नव्या वाटेवर नको. तिघं असावेत: एक जखमी झाला तर एक त्याच्यापाशी थांबतो, एक खाली जातो. ११२ आणि १०८ हे क्रमांक आहेत, पण खोऱ्यात रेंज तुटक असते. आणि एक लक्षात ठेवा, अडचण आली की सगळ्यात आधी पोचतो तो पायथ्याच्या गावातला माणूस, शेतातलं काम टाकून. जाताना त्याच्याशी दोन शब्द बोलला असाल तर येताना त्याला तुमची वाट माहीत असते.

*गावाला या पळण्याचा काय उपयोग?*

सरळ प्रश्न आहे, उत्तरही सरळ देतो. आपण डबा घरून आणला, गाडी कुणाच्या तरी अंगणात लावली आणि पळून परत गेलो, तर काहीच नाही. गावातच जेवलो, मुक्काम केला, वाटाड्याला त्याची मजुरी दिली, तर थोडा. आणि ज्या वाटेनं आपण पळतो ती अडवली गेली तेव्हा तहसील कचेरीत वाडीच्या माणसाबरोबर, 'ही वाट आम्ही वापरात पाहिली आहे' असं सांगायला उभे राहिलो, तर बराच. सहा महिन्यांची मुदत असते, म्हणून जिथे पळता तिथल्या माणसांचे फोन नंबर जवळ ठेवा, आणि महिन्या-दोन महिन्यांनी फक्त पळण्यासाठी नाही तर विचारपूस करायलाही जा.

इथे थांबतो.